थोरल्याचा चेंडू धाकट्याला?

थोरल्याचा सदरा धाकट्याला चालतो. बोलिंगचा चेंडू तसाच चालत नाही. अमेरिकेत वापरलेला चेंडू स्वस्तात मिळतो, पण त्याची भोकं दुसऱ्याच्या बोटांच्या मापाची असतात. "चालवून घे" असं मुलाला म्हणू नका. अंगठ्याचं भोक सैल असलं की चेंडू आवळून धरावा लागतो आणि मनगट दुखतं. दुकानात जुनी भोकं पातळ राळ ओतून बुजवतात, ती कडक झाली की घासून सपाट करतात आणि नव्या हाताच्या मापाची भोकं पाडतात. मात्र चेंडूला तडा असेल किंवा तो 15-16 पौंडांचा असेल, तर लहान मुलासाठी हा खर्च करू नका. भोकं बदलून वजन उतरत नाही. धड वस्तू टाकू नये, हे खरंच. पण ती वापरणाऱ्याच्या मापाची करून देणं, हाही काटकसरीचाच भाग आहे.