आढीतला मे महिना

परवा होस्टेलवर कुणाच्या तरी घरून पेटी आली, खोलीभर हापूसचा वास सुटला आणि पुढचा तासभर माझं पुस्तक त्याच पानावर राहिलं. शेवटचं वर्ष, परीक्षा ऐन मे महिन्यात. पण दहावीपर्यंतचा प्रत्येक मे मी राजापूरजवळच्या आजोळी काढला. तिथे काळोख्या खोलीत पेंढ्यावर आढी घातलेली असे. आजी रोज सकाळी एकेक आंबा हलक्या हाताने परतायची, देठाशी नाक नेऊन वास घ्यायची आणि तयार झालेला तेवढाच बाजूला काढायची. आम्हाला दाबून बघायची सक्त मनाई. ‘दाबलास की डागतो रे!’ डागी आंबे मुलांच्या वाट्याला येतात हे ओळखून मामेभाऊ मात्र हळूच दाबायचाच. आठ-दहा दिवस वाट पाहायला मला शाळेने नाही, त्या आढीने शिकवलं. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, तरी घाईने पिवळा केलेला आंबा बाजारात दिसतोच. त्याला मी आंबा म्हणणार नाही. आणि पालकांनो, ती उन्हाळी शिबिरं राहू द्या, पोरांना महिनाभर आजोळी धाडा. काल फोनवर आजी म्हणाली, ‘परीक्षा कधी संपते सांग, त्या हिशेबाने शेवटची आढी घालते.’