‘आमच्या वेळी गुणवत्तेला किंमत होती’ : पिंपरी-चिंचवडच्या विस्मरणाविषयी (धागा)

१/
दर गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या मंडपात हा संवाद घडतोच. निवृत्त कामगार काका म्हणतात, “आमच्या वेळी गुणवत्तेला किंमत होती, आता सगळे राजकारण आणि आरक्षण.” चाकणला ट्रेनी म्हणून जाणारा त्यांचा नातू मान डोलावतो. आजोबा आणि नातू दोघेही चुकत आहेत, असे माझे म्हणणे आहे. धागा लांबणार आहे.

२/
ही नगरी स्पर्धेतून आपोआप उगवलेली नाही. १९५४ साली केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना केली, तीही जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, रस्ते आखले गेले, पवनेचे पाणी वळवले गेले. ४ मार्च १९७० ला नगरपालिका, १९७२ ला नवनगर विकास प्राधिकरण, ११ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका. यांतली प्रत्येक तारीख हा एक राजकीय निर्णय आहे.

३/
प्राधिकरणाचा मूळ हेतू कामगारांना परवडणारी घरे देणे हा होता. ज्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या, त्या शेतकऱ्यांची कुटुंबे साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके अर्ज करीत राहिली. त्याच भूमीवरच्या बंगल्यात बसून ‘आम्हांला कोणी काही फुकट दिले नाही’ असे म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

४/
पाण्याचेही तेच. पवना धरणातून शहराला बंद जलवाहिनीने पाणी नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा जीव गेला. आमच्या नळाचा इतिहास एवढ्या जवळचा आहे, आणि तो शहरातल्या कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही.

५/
आता घरचे उदाहरण. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून भोसरीत आले. नववी नापास. गावच्या एका माणसाने सुपरवायझरकडे शब्द टाकला म्हणून एका कारखान्यात लागले. बदली कामगार, मग कायम, मग संघटनेच्या करारामुळे पगारवाढ, कँटीन, मुलांच्या शिक्षणासाठी मदत. माझे वडील डिप्लोमा झाले ते त्या कराराच्या बळावर. आजोबा आज ही कथा सांगतात तेव्हा तीत शब्द टाकणारा माणूस नसतो, संघटना नसते, करार नसतो. उरतात फक्त कष्ट.

कष्ट खोटे नव्हते. बारा तास यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या पायांच्या शिरा मी पाहिल्या आहेत. पण तेवढेच कष्ट नातवाचेही आहेत, आणि त्याच्या हाती काय पडते ते पुढे पाहू.

६/
‘मेरिटोक्रसी’ हा शब्द सर्वतोमुखी केला तो ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांच्या १९५८ च्या पुस्तकाने. ते पुस्तक उपरोधिक आहे : भविष्यातील इंग्लंडचा काल्पनिक इतिहास, जिथे बुद्धी अधिक प्रयत्न म्हणजे गुणवत्ता असे सूत्र ठरते, वरचे लोक आपले स्थान न्याय्यच आहे असे मानू लागतात आणि खालच्यांना आपल्या अपयशाबद्दल तक्रार करण्याचाही अधिकार उरत नाही. इशारा म्हणून दिलेला शब्द लोकांनी स्तुती म्हणून उचलला, अशी खंत यंग यांनी २००१ साली व्यक्त केली होती. आमच्या मंडपात तो अजून स्तुती म्हणूनच वापरला जातो.

७/
आता नातू. नमुना स्थायी आदेशांत (कलम ४-क) तरतूद होती की बारामाही कारखान्यात तात्पुरत्या किंवा बदली कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा केली तर त्याला कायम करावे. म्हणून या पट्ट्यात ‘ब्रेक’ नावाचा संस्कार रूढ झाला : सातवा महिना भरला की घरी जा. पुढे कंत्राटदार आले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टील ऑथॉरिटी खटल्यात ठरवले की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी ते कामगार आपोआप मुख्य कंपनीचे होत नाहीत. २०१३ साली ‘नीम’ योजना आली. तीत यंत्र चालवणारा मुलगा कागदोपत्री कामगारच नव्हता, शिकाऊ होता.

एवढे दरवाजे लागल्यावर मुलाला सांगितले जाते की तू गुणवत्तेत कमी पडलास. आणि तो ते मानतो! मला खरा राग याचा आहे.

८/
मानले नाही तर दुसरा मार्ग तयार असतो : ‘आरक्षणाने नोकरी गेली.’ येथे एक साधी वस्तुस्थिती सांगणे भाग आहे. घटनेच्या १५ व १६ या अनुच्छेदांखालील आरक्षण शिक्षणसंस्था आणि शासकीय सेवा यांत आहे. चाकणमधील खासगी कारखान्याच्या भरतीत ते नाही. जी खुर्ची कोणासाठीच राखीव नव्हती, ती राखीव असल्यामुळे हुकली असे म्हणणे तर्काला धरून नाही.

९/
३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बसगाड्या पेटल्या. जाळपोळीचे समर्थन करणार नाही. पण तो उद्रेक सचिवालयासमोर झाला नाही, कारखान्यांच्या पट्ट्यात झाला, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याला घ्यावीच लागते. जमीन कारखान्याला गेली, कायम नोकरी कारखान्यात उरली नाही, मग उरते सरकारी नोकरी. आणि तिच्या दारात जातीचा दाखला विचारला जातो. भांडण तिथेच होणार.

१०/
‘मग संघटना कुठे होत्या?’ प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले; पहाटे पोलिसांनी त्यांना उचलले आणि संप मोडला. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यातून धडा घेतला तो ‘राजकारणापासून दूर राहा’ असा. शिवाय कायम कामगारांच्या अनेक संघटनांनी शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी मुलाला आपला मानलेच नाही. कराराचे पेढे वाटले, पण त्याला वगळून. हा दोष मालकांवर ढकलता येत नाही.

११/
२०१३ च्या पावसाळ्यात बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस काम बंद होते. मागण्यांत एक अपूर्व मागणी होती : कामगारांना कंपनीचे समभाग नाममात्र दराने द्या. मी तेव्हा शाळेत होतो. घरीदारी त्या मागणीची टर उडवली गेल्याचे आठवते. वरिष्ठ अधिकाऱ्यांना समभाग देणे ही उद्योगजगतात रूढ पद्धत आहे. तिथे ती ‘गुणवत्तेची कदर’ असते. हेल्मेट घातलेल्या माणसाने मागितले की हाव ठरते. संप संपला, समभाग मिळाले नाहीत.

१२/
माझ्या पिढीलाही एक बोल. ‘राजकारण घाण आहे’ म्हणणाऱ्या आपल्या शहरात १३ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही निर्वाचित नगरसेवक नव्हता. प्रशासकांनी कारभार पाहिला. राजकारण नको होते ना? मग त्या काळात पाणी रोज आले का, कंत्राटी सफाई कामगार कायम झाले का, चाकणचा चौक मोकळा झाला का?

१३/
मी या पट्ट्यातील १९७० ते १९९० च्या काळातील वेतनकरारांची नोंद करीत आहे. ज्यांच्या घरी आजोबा-वडिलांच्या ट्रंकेत जुनी करारपत्रे, संघटनेच्या पावत्या, गेटसभेची पत्रके असतील, त्यांनी छायाचित्र काढून ठेवावे आणि मला कळवावे. कंत्राटी कामगारांकडील ‘ब्रेक’ची पत्रेही हवी आहेत. आमच्या आजोबांची ट्रंक गेल्या दिवाळीत भंगारात गेली.