निरोपाचा पत्ता कोणाचा?

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर सकाळी डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि बाहेरच्या जगाला वार्ता कळली ती त्याच्याकडून. हा निरोप नेण्यासाठी त्याला कोणी नेमलेले नव्हते. त्या वेळी तो त्या ठिकाणी होता, एवढेच.

बिनतारी सेन्सरजाळ्यांच्या शास्त्रात याच तत्त्वावर उभी असलेली एक पद्धत आहे. तिच्या इंग्रजी नावाचे सरळ मराठी केले तर ‘स्थानाधारित संधिसाधू मार्गनिवड’ असे होईल. मराठीत ‘संधिसाधू’ ही जवळजवळ शिवीच. येथे मात्र तो गुण आहे.

डोंगरउतारावर पेरलेले सेन्सर छोट्या बॅटरीवर जगतात. वीज वाचावी म्हणून ते बराच काळ झोपलेले असतात. त्यातच ओली झाडी आणि मुसळधार पाऊस यांमुळे दोन सेन्सरांमधील रेडिओचा दुवा केव्हा तुटेल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी वाट आधी आखून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून निरोप पाठवणारा कोणा एकाचे नाव घेत नाही. मुक्कामाचे स्थान जोडून तो निरोप सभोवती ऐकवतो. जे जागे आहेत आणि ज्यांना तो ऐकू आला, त्यांपैकी मुक्कामाच्या सर्वांत जवळ असलेला तो पुढे नेतो. बाकीचे गप्प राहतात.

ही कल्पना एका रात्रीत सुचलेली नाही. स्थान पाहून निरोप पुढे ढकलण्याचा विचार हिदेआकी ताकागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९८४ मध्येच मांडला होता. मिकेले झोर्झी आणि रमेश राव यांनी २००३ मध्ये त्याला ‘जो जागा असेल तो’ या तत्त्वाची जोड दिली.

पद्धतीतली खोचही समजून घेण्याजोगी आहे. मिरा-भाईंदरच्या दक्षिण टोकाच्या पेणकरपाड्यातून वसई किल्ल्याकडे असा निरोप निघाला, अशी कल्पना करावी. प्रत्येक टप्प्यावर वसईच्या अधिक जवळचा सेन्सर सापडत जाईल आणि निरोप भाईंदरच्या काठावर येऊन थांबेल. पुढे खाडी. पाण्यात सेन्सर नाही आणि पैलतीर रेडिओच्या पल्ल्याबाहेर. आता निरोपाला काही काळ वसईपासून दूर, घोडबंदरच्या पुलाकडे, मागे वळावे लागेल. चिमाजी अप्पांची वसई मोहीम वाचलेल्यांना ही खाडी अडथळा म्हणून नवी नाही. अशा पोकळीला काठाकाठाने वळसा घालण्याची रीत ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० मध्ये दाखवून दिली.

म्हणजे कागदावर निरोपाच्या वाटेचे बरेचसे कोडे सुटले होते. महाराष्ट्रही यात मागे नव्हता. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी दरडीवर आदळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काही वर्षांत पवईच्या आयआयटीतील उदय देसाई, टी. एन. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेनस्लाइड’ ही यंत्रणा रचली. थोडे महागडे सेन्सर लावण्याऐवजी पुष्कळ स्वस्त सेन्सर लावावेत, त्यांतले काही बंद पडणारच हे धरून चालावे आणि दरड पडण्यापूर्वीच सूचना मिळवावी, असा तिचा हेतू. २००७ च्या शोधनिबंधात प्रयोगशाळेतील ६५ सेन्सरांचे जाळे आहे, ४०० पर्यंतच्या जाळ्याचे संगणकीय अनुरूपण आहे आणि पुढील पावसाळ्यात प्रत्यक्ष डोंगरावर चाचणी घेण्याचा मानसही आहे.

सात वर्षांनी माळीणला कोणतीही पूर्वसूचना पोहोचली नाही.

तंत्रज्ञानाचा इतिहास येथेच अपुरा लिहिला जातो. कोणी शोधले, कोणत्या साली शोधले, हे नोंदले जाते. निरोप कोणासाठी होता, हे नाही. जवळपास प्रत्येक सेन्सरजाळ्याच्या आकृतीत सारे बाण एकाच केंद्राकडे जातात. ते केंद्र म्हणजे प्रयोगशाळा किंवा नियंत्रण कक्ष. डोंगराखालची वस्ती त्या आकृतीत बहुधा नसतेच. वास्तविक मुक्काम कोणता धरायचा, हे गणित ठरवत नाही, माणसे ठरवतात. सेन्सरला जिल्हा मुख्यालयाचे अक्षांश-रेखांश दिले तर तो निरोप तिकडे नेईल. वाडीतल्या भोंग्याचे दिले तर वाडीकडे नेईल. दुसऱ्या निवडीसाठी नव्या शोधाची गरज नाही आणि म्हणूनच ती न होण्याचे खापर तंत्राच्या अपुरेपणावर फोडता येत नाही. केंद्राला कळू नये, असे कोणी म्हणत नाही. पण केंद्राला कळून, तेथून आदेश निघून, तो पावसात डोंगर चढून येईपर्यंत दरड थांबत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके अंधारात, भर पावसात पायी वर गेली.