पांढऱ्याची पारख

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या कुटुंबांच्या छायाचित्रांत कधीं कधीं एक चमत्कार आढळतो. निरभ्र दुपारीं बंगल्याच्या सावलींत बसलेल्या आजोबांचें शुभ्र धोतर निळसर दिसतें. तेंच रात्रीं पिवळ्या दिव्याखालीं हळदींत बुडविल्यासारखें उतरतें. कॅमेरा बिघडला, असें आपण म्हणतों. वस्तुतः तो पडलेल्या प्रकाशाचीच साक्ष देत असतो.

लोखंड तापूं लागलें कीं प्रथम लाल, मग पिवळें व अखेरीस पांढरें दिसतें. याच न्यायानें शास्त्रज्ञ प्रकाशाचा वर्ण केल्विन या उष्णतामानाच्या मापानें सांगतात. मेणबत्ती सुमारें १९००, तारेचा दिवा २७००, माध्यान्हीचें ऊन ५५००, आणि निळ्या आकाशाखालील सावली ७००० हून अधिक. अंक चढेल तसा प्रकाश निळ्याकडे झुकतो.

आपली दृष्टि हा भेद आपोआप भरून काढते. कॅमेऱ्यास मात्र पांढरें कोणतें तें अनुमानानें ठरवावें लागतें. यासच 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. पिवळटलेल्या कपड्यास गृहिणी नीळ देतात, तद्वत् पिवळ्या प्रकाशांत तो चित्रास निळ्याचा पुट देतो, निळ्या प्रकाशांत पिवळ्याचा. परंतु चौकटभर लाल स्ट्रॉबेरीच असली, तर 'ऑटो' योजनेची फसगत होऊन ती लाली फिकी पडूं शकते. अशा वेळीं उन्हांत 'डेलाइट', सावलींत 'शेड', तारेच्या दिव्याखालीं 'टंगस्टन' ही योजना आपण निवडावी. किंवा त्याच प्रकाशांत करडा पुठ्ठा धरून माप घ्यावें. निळींत बुडविलेलें धोतर मात्र प्रमाण मानूं नये!

वेदान्तांत जास्वंदीजवळील स्फटिकाचा दृष्टांत येतो: लाली फुलाची, स्फटिकाची नव्हे. आजोबांच्या मुखावरील निळाई अशीच उपाधि होय. नातवंडांना पुढें ज्यांचें दर्शन चित्रांतच व्हावयाचें, त्यांची कांति रोगट उतरूं नये. म्हणून ती काढावी.

पण बॉम्बे पॉइंटवरील सूर्यास्ताची गोष्ट निराळी. मावळतीचे किरण वातावरणांतून लांबची वाट चालून येतात. वाटेंत निळा अंश विखुरतो, तांबडा पोहोंचतो. सोबत्यांच्या मुखांवरील ती लाली पुसली, तर ती सायंकाळच पुसली जाते. तेथें 'डेलाइट' हीच योजना कायम ठेवावी.

तात्पर्य, चित्र घेण्यापूर्वीं एवढेंच मनाशीं ठरवावें: आपणांस माणूस दाखवावयाचा आहे, कीं ती वेळ?