वास्तू उभी राहिली, वैद्य कुठे आहे?

आपल्या सीमाभागात आरोग्याचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘परदेशी पैसा आला म्हणून निदान दवाखाने तरी झाले,’ हे पहिले; आणि ‘परकीयांच्या पैशानेच आरोग्यव्यवस्था बुडवली,’ हे दुसरे. उमेदीची सारी वर्षे राज्य सरकारच्या हिशेबाच्या कामात घालविल्यावर मला ही दोन्ही वाक्ये सारखीच सोयीची वाटतात. दोहोंतही कर्ता परका आहे आणि आपण नुसते प्रेक्षक!

आधी ‘मदत’ हा शब्दच तपासून पाहू. १९९६ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने कर्नाटकात आरोग्यव्यवस्था विकास प्रकल्प सुरू झाला. बँकेच्या ज्या शाखेने पैसा दिला ती त्या काळी व्याज घेत नसे, वर्षाला पाऊण टक्का सेवाशुल्क तेवढे घेई. परंतु त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केंद्र सरकार अशा रकमेचा ७० टक्के भाग राज्याला कर्ज म्हणून आणि ३० टक्के अनुदान म्हणून देई, आणि कर्जावर व्याज केंद्राच्या दराने लागे. ही रीत २००५ साली बदलली. सारांश, ज्याला आपण मदत म्हणत होतो तिचा मोठा भाग आपल्याच करातून फेडावयाचे ऋण होते. ऋणकोने उपकाराने वाकावयाचे कारण नाही. मात्र हिशेब मागावयाचे कारण निश्चित आहे.

आपल्या गुलबर्गा विभागातील रुग्णालयांचे काम जर्मनीच्या के. एफ. डब्ल्यू. या बँकेच्या साहाय्याने झाले. ह्या बँकेचा जन्म १९४८ चा, म्हणजे आपला बीदर-गुलबर्गा प्रदेश निजामी अमलातून मुक्त झाला त्याच वर्षाचा. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा पुनर्बांधणीसाठी खेळविण्याचे काम तिने केले. तो देश सावरला, कारण त्याच्यापाशी कुशल कामगार, अभियंते आणि कारभार जाणणारी माणसे शिल्लक होती. पैशाने माणसे निर्माण केली नाहीत, असलेल्या माणसांच्या हाती साधने दिली. आपल्याकडे क्रम उलटा झाला. साधने आली आणि माणसांची जागा रिकामीच राहिली.

सेवेत असताना एका तालुक्याच्या रुग्णालयात मी क्ष-किरण यंत्र पाहिले. पावती चोख, साठा-नोंदवहीतील नोंद चोख; चालविणारा तंत्रज्ञ तेवढा नव्हता. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र यथाकाल वर गेले. त्या कागदाच्या प्रवासात माझीही सही होती, हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही. त्या प्रमाणपत्रात रुपये मोजले जातात, रुग्ण नव्हे.

प्रकल्पाला मुदत असते, म्हणून मुदतीत दाखविता येईल असेच काम त्याला प्रिय असते: भिंती, यंत्रे, प्रशिक्षणवर्ग. डॉक्टर आणि परिचारिका यांचा कायमचा पगार राज्याच्याच तिजोरीतून जावयाचा, आणि तेथेच हात आखडतो. हे कोणा परक्याने सांगावयास नको होते. डॉ. एच. सुदर्शन यांच्या अध्यक्षतेखालील राज्याच्याच कृतिदलाने २००१ च्या अहवालात भ्रष्टाचारावर आणि मनुष्यबळाच्या उपेक्षेवर बोट ठेवले होते. पुढच्याच वर्षी डॉ. नंजुंडप्पा समितीने राज्यातील ३९ अतिमागास तालुके दाखविले. त्यांतले २१ आपल्या विभागातले निघाले. निदान अचूक होते, औषध कोणी दिले नाही.

२०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत-संस्था बंद केली आणि आफ्रिकेतील कित्येक देशांत एड्सवरील उपचारांची घडी विस्कटली. परक्याच्या खांद्यावर चाललेली आरोग्यव्यवस्था परक्याच्या मर्जीने खाली बसते. आपली स्थिती तितकी पराधीन नाही, आणि म्हणूनच आपला दोष अधिक मोठा आहे.

वाचकहो, आता थोडे स्वतःकडे पाहू. औराद, भालकी, आळंदच्या आपल्या घरांत कोणी आजारी पडले की आपण सोलापूर, लातूर किंवा हैदराबादची वाट धरतो. ऐपत आहे, धरावीच. पण वाट धरली त्या दिवशी आपण जाब विचारणेही सोडले. मागे उरला तो आपल्याच शेतातला सालगडी आणि त्याची बाळंतपणाला टेकलेली सून. दुखणे मराठीत सांगणाऱ्या त्या सुनेला समजून घेणारी परिचारिका गावच्या रुग्णालयात आहे का, हे आपण शेवटचे केव्हा विचारले?

मार्ग आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१ (ञ) मुळे या विभागातील सरकारी जागांत स्थानिकांसाठी आरक्षण आहे. सीमेवरच्या तालुक्यांतील मुलींनी परिचारिकेचे शिक्षण घ्यावे, यासाठी आपल्या संस्थांनी शिष्यवृत्त्या द्याव्यात. आणि मते मागावयास येणाऱ्याकडे नव्या इमारतीची मागणी करू नये. मागणी एकच असावी: प्रत्येक तालुका रुग्णालयाच्या दारावर मंजूर जागा किती, भरलेल्या किती, याचा फलक लावा आणि दर महिन्याला बदला. ह्या फलकाला ना कर्ज लागते ना परदेशी सल्लागार. रंगाचा एक डबा लागतो, आणि तो वाचून जाब विचारणारी माणसे लागतात. रंगाचा खर्च मी देतो. माणसे आपण द्यावीत.