‘कामे छान झाली आहेत’

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: ‘कामे छान झाली आहेत.’ त्याला जोडून बहुधा दुसरेही येते, ‘पण जरा संथ आहे.’ एवढे बोलून झाले की चहा मागवला जातो आणि विषय संपतो. फार्स पाहिला तरी हेच वाक्य, एका विधवेचे राहते घर बिल्डरने काढून घेतल्याची कथा पाहिली तरी हेच. कचेरीतला कारकून आलेल्या प्रत्येक अर्जावर ‘पाहिले’ असा शिक्का मारतो, त्याच जातीचा हा शेरा आहे. अर्ज कशाबद्दल होता, हे शिक्का मारणाऱ्याला वाचावे लागत नाही.

सहज बोललेल्या वाक्यावर एवढा राग कशाला, असे कोणी म्हणेल. माणसे करमणुकीसाठी चित्रपट पाहतात, घरी येऊन प्रबंध लिहीत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु मतांचा इतिहास सहज बोललेल्या वाक्यांतच घडत असतो. ‘मजूर मिळत नाहीत’, ‘आजकाल कोणाला काम नको आहे’ ही वाक्येसुद्धा सहजच बोलली जातात आणि त्यांच्यामागे एका वर्गाचे संपूर्ण अर्थशास्त्र उभे असते. अभिनयाची स्तुती हीदेखील अनेकदा विषयाला वळसा घालण्याची सभ्य रीत असते.

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ सालचा. त्याची नव्याने जतन केलेली प्रत २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवण्यात आली आणि जूनच्या आरंभी देशातील चित्रपटगृहांतूनही तिचे खेळ झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेनेगल निवर्तले. साहजिकच या चित्रपटाविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले. त्यातील बहुतेक बोलणे स्मिता पाटील यांचे डोळे, नसीरुद्दीन शहा यांचा भोला आणि गिरीश कार्नाड यांचा संयम यांभोवती फिरत राहिले. आपल्या गोटात एक जास्तीचे वाक्य जोडले गेले: स्मिता राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढली होती. खरे आहे, आणि त्याचा अभिमान वाटण्यात गैरही काही नाही. पण हा अभिमानही पुन्हा तोच शिक्का. ‘आपली मुलगी होती, काम छान केले.’ बिंदूचे काय झाले, हे विचारायचे राहूनच जाते.

बिंदूचे काय होते? गावातील दूध पडत्या भावाने उचलणारा खाजगी डेअरीवाला मिश्रा, त्याला शह देऊ पाहणारी सहकारी सोसायटी, आणि सोसायटी हातची जाते आहे हे पाहून बिथरलेला सरपंच, हा चित्रपटाचा सांगाडा. डॉक्टर राव यांच्यावर बलात्काराचा आरोप करणाऱ्या कागदावर बिंदूचा अंगठा उठवला जातो. तो कागद तिला वाचता येत नाही. बिंदूचे सारे बळ तिच्या जिभेत आहे. डॉक्टरला ती तडकाफडकी सुनावते, बायकांना बरोबर घेते, दुधाची किंमत तिला कळते. त्या सगळ्या बळाचे एका अंगठ्यात पाणी होते. स्मिता पाटील यांनी हे दाखवले आहे ते डोळ्यांपेक्षा बोलण्यातून. आधी भरभर येणारी वाक्ये पुढे तुटू लागतात. हा अभिनय ‘छान’ आहे म्हणजे काय? निरक्षर उत्पादकाला बाजारात आणि कचेरीत एकाच हत्याराने कसे नमवले जाते, हे तो समजावून सांगतो. अर्थशास्त्राचे वर्ग आयुष्यभर घेतलेल्या माणसाने कबूल केले पाहिजे की फळ्यावर हे इतक्या थोड्या वेळात सांगता येत नाही.

हा चित्रपट निघाला तो गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले म्हणून. एकूण १० लाख रुपये. आरंभीच्या श्रेयनामावलीत निर्माते म्हणून त्यांचा उल्लेख आहे. आपली गोष्ट पडद्यावर पाहायला हे निर्माते गावोगावहून आले. बहुपडदा चित्रगृहातील गार हवेत बसून त्याच चित्रपटातील ‘कामां’ना आपण शाबासकी देतो, तेव्हा तो कोणाच्या पैशातून, कोणत्या भांडणासाठी जन्माला आला, हे विसरतो. भांडण तर अजून मिटलेले नाही. १९७६ च्या पडद्यावर दुधातील फॅट मोजण्यावरून जो संशय आहे, तोच आपल्याकडे आजही दूध संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनात असतो. फॅट किती लागली आणि एसएनएफ किती, यावर त्याचा भाव ठरतो. यंत्र मात्र त्याच्या हातात नसते. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रातील दूध उत्पादकांनी मुंबईचे दूध अडवले, ते याच भावासाठी.

दोष काढायचाच तर ‘मंथन’मध्ये काढण्याजोगा दोष आहे, पण तो संथपणाचा नव्हे. आगगाडीतून उतरलेला शहरी, सुशिक्षित, सवर्ण डॉक्टर गावाला जागे करतो आणि आगगाडीनेच परत जातो, ही रचना आज खटकते. तथापि शेवटी दुधाची भांडी घेऊन माणसे गोळा करतो तो भोला, डॉक्टर नव्हे. नसीरुद्दीन शहा यांनी त्या माणसाचा आधीचा अविश्वास इतका अंगात मुरवला आहे की शेवटचे त्याचे धावणे पटते. डॉक्टरवर त्याचा विश्वास बसायला अर्धा चित्रपट जातो. तो चटकन बसला असता तर कथा वेगवान झाली असती आणि खोटी ठरली असती.

आता दुसऱ्या चित्रपटाकडे वळतो. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ साली कानमध्ये ग्राँ प्री मिळाले. तीस वर्षांत प्रथमच भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. याच कपाडिया २०१५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील १३९ दिवसांच्या विद्यार्थी संपात होत्या, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ऑस्करसाठी पाठवण्याचा चित्रपट निवडताना फिल्म फेडरेशनने हा बाजूला ठेवला. भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतो आहोत असे निवड समितीला वाटले, असे फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. प्रभा आणि अनु या मल्याळी परिचारिका, त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती, पावसाळी मुंबई, खचाखच भरलेली लोकल आणि जर्मनीतील नवऱ्याच्या देशाहून आलेला भात शिजवण्याचा कुकर. यांतील युरोपीय वस्तू कोणती म्हणाल तर तो कुकर. ज्या समितीला परळ-दादर परदेश वाटतो, तिने लोकलने एकदा प्रवास करावा, यापलीकडे काय सांगणार?

पार्वतीची भूमिका छाया कदम यांची आहे. त्याच वर्षी ‘लापता लेडीज’मध्ये त्यांनी फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई उभी केली आणि सबंध देश त्यांच्या प्रेमात पडला. पडावाच. पण या दोन भूमिकांना मिळालेला प्रतिसाद शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. मंजू माई फटकळ, स्वतंत्र, मनाने मोठी. तिच्याकडून दोन शहाणपणाची वाक्ये घेऊन प्रेक्षक प्रसन्न मनाने घरी जातो. पार्वती त्याला तसे जाऊ देत नाही. तिचा नवरा गेला आहे. वीसहून अधिक वर्षे ज्या खोलीत ती राहिली, तेथे मनोरा व्हायचा आहे आणि खोली तिची असल्याचा कागद तिच्याजवळ नाही. प्रभा तिला वकिलाकडे नेते. वकील काय करणार? तोही कागदच मागतो.

येथे प्रेक्षकाला ‘संथ’ वाटू लागते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र हा चित्रपट फार घाईने पुढे जातो असे वाटेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मिटला नाही, गिरण्या मिटल्या. सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची तीन वाटण्यांची योजना केली: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारती ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती हिशेबातून वगळली गेली. गिरणी म्हणजे मुख्यत्वे इमारतच, तेव्हा वाटणीला काय आले याची कल्पना वाचकांनी करावी. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. हे सर्व कागदोपत्री आणि कायदेशीर झाले. पार्वतीपाशी नसलेला कागद आणि मालकांपाशी असलेला कागद, यांतील अंतर हीच मध्य मुंबईची गेल्या चार दशकांची कहाणी आहे.

छाया कदम हे सारे कशातून दाखवतात? रडारड नाही, भाषण नाही. रात्री त्या आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात. उच्च अभिरुची हा भाग्यवंतांचाच हक्क, अशा अर्थाचा मजकूर त्या फलकावर आहे. दगड मारताना त्या हसतात, शाळकरी मुलीसारख्या. त्या हसण्यात पराभव पुरता ठाऊक असल्याची खूण आहे. हे दृश्य ‘गंमत’ म्हणून सांगणारे प्रेक्षक मला भेटले आहेत. प्रत्येक फलकामागे एक चाळ होती, हे त्यांच्या लक्षात आले नाही. कदाचित त्यांच्यापैकी कोणी त्याच मनोऱ्यात राहत असावा.

माझे या चित्रपटाशीही भांडण आहे. पार्वती गावी परतते आणि समुद्र दिसू लागतो तसा चित्रपट थोडा सुखावतो. ज्या कोकणाने मुंबईच्या मनिऑर्डरींवर पिढ्या काढल्या, त्या कोकणात परतलेली बाई खाणार काय, हा प्रश्न तो पुरता विचारत नाही. अंधाऱ्या घराचे दृश्य आहे, पण त्या घराचा जमाखर्च नाही. कवित्व आड आले, असे माझे मत आहे. माझ्या मताशी भांडता येईल. ‘संथ आहे’ या मताशी भांडायचे तरी कसे?

आपल्याच बाजूच्या मंडळींनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. पुरोगामी प्रेक्षकाचा शिक्का वेगळा असतो: ‘विषय महत्त्वाचा आहे.’ विषयाला गुण दिले की त्याच्या दृष्टीने काम संपते. माणसाकडे पाहायची गरज उरत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे (२०१४) असेच झाले. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या भूमिकेत ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार होते. ते स्वतः चळवळीतले, म्हणून आपण त्यांनाच वाखाणले, आणि २०२१ साली करोनाने ते गेले तेव्हा योग्य तो शोकही केला. पण त्या चित्रपटातील सर्वांत भेदक काम सरकारी वकिलाचे आहे. गीतांजली कुलकर्णी वसाहतकाळातील कायद्याची कलमे, रेशनकार्डावरील नावे वाचावीत तशा एकसुरी आवाजात वाचत जातात. मग ही बाई लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबासह परप्रांतीयांची टिंगल करणारे नाटक पाहून हसते. मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या कामगाराच्या मृत्यूचे खापर एका गाण्यावर फोडणारी हीच बाई. तिच्यात क्रौर्याचा लवलेश नाही. ती आपली शेजारीण आहे, बहीण आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतील बोलणे तिच्यापेक्षा वेगळे नसते. म्हणूनच तिच्याविषयी आपण बोललो नाही. विषयाचे महत्त्व मान्य करून सुटका करून घेतली.

बाजाराचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. असे चित्रपट लोकांना नको असतात, म्हणून ते लागत नाहीत, असे सांगितले जाते. दुपारी कामाच्या वेळी एक खेळ, तोही दूरच्या चित्रगृहात, दुसऱ्या आठवड्यात बंद. आणि मग मागणी नाही म्हणून टाहो. पुरवठा आवळून मागणीच्या अभावाचा दाखला देणे ही व्यापाऱ्याची जुनी हातचलाखी आहे, आणि तिचा बंदोबस्त निर्मात्यांच्या रडगाण्याने होणार नाही. ‘मंथन’च्या वेळी तो पाच लाख माणसांनी केला होता.

तेव्हा या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे आणि विशेषतः जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे एक सूचना ठेवतो. अभ्यासवर्गात ‘मंथन’ जरूर दाखवावा, पण तालुक्याच्या सभागृहात, ठराविक पन्नास माणसांपुढे नको. तो दूध संकलन केंद्राच्या आवारात, संध्याकाळचे दूध घालून झाल्यावर दाखवावा. नंतर कोणाचे काम कसे झाले हे अवश्य विचारावे. मिश्राची भूमिका करणाऱ्या अमरीश पुरी यांच्याविषयी तर विचारावेच. भाव पाडणारा माणस इतक्या गोड आवाजात बोलतो काय, याचे उत्तर तेथे बसलेल्यांना समीक्षकांपेक्षा अधिक नेमके देता येईल. आणि गिरणगावात अजून तगून असलेल्या एखाद्या चाळीच्या चौकात पार्वतीची गोष्ट दाखवता आली, तर येणाऱ्यांना येताना घराचे कागद बरोबर आणायला सांगावे. एखादा वकीलही बोलावून ठेवावा.