धुराने विस्कटलेली सुट्टी

मुलांच्या परीक्षा संपल्या, उकाडा वाढला की अनेक मराठी कुटुंबे उत्तराखंडची वाट धरतात. नैनिताल, कौसानी, मसुरी, राणीखेत ही नावे आता महाबळेश्वर-माथेरानइतकीच परिचयाची झाली आहेत. सहल कंपनीला पैसे भरून होतात, तिकिटे निघतात, आजी-आजोबांसाठी लोकरीचे कपडे बॅगेत जातात. या तयारीत एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा उत्तराखंडच्या वनखात्याच्या लेखी वणव्यांचा हंगाम असतो. म्हणजे पर्यटनाचा ऐन हंगाम आणि आगीचा हंगाम एकच.

२०२४च्या एप्रिलअखेरीस नैनिताल परिसरातील जंगले पेटली, तेव्हा हा योग किती महागात पडतो ते दिसले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमताल तलावातून पाणी उचलून डोंगरांवर ओतले. नैनी तलावातील नौकाविहार थांबवावा लागला. निळ्याशार आकाशाच्या ओढीने गेलेल्यांना करड्या धुराची झालर पाहून परतावे लागले. त्यानंतर जूनमध्ये अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे कर्मचारी होरपळून मरण पावले. पर्यटकाची सुट्टी आणि वनरक्षकाचा जीव यांची तुलना होऊ शकत नाही. पण दोघांच्या छातीत जाणारा धूर एकच असतो.

या डोंगरांत चीड वृक्षांची दाट वने आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या सुईसारख्या पानांचा जमिनीवर थर साचतो. त्याला स्थानिक लोक ‘पिरुल’ म्हणतात. राळ असल्यामुळे हा पाचोळा ठिणगी पडताच भडकतो. ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच असते: विझवायची राहिलेली विडी, शेताच्या बांधावर लावलेली आग, सहलीतली अर्धवट शेकोटी. हिवाळ्यात पाऊस-बर्फ कमी झाले, की काम आणखी सोपे होते.

वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत घातक असतात ते धुरातले अतिसूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याहून बारीक असलेले हे कण नाका-घशात अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, काही तर रक्तातही उतरतात. त्यामुळे श्वासनलिकांना सूज येते, दमा उसळतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणूनच वणव्याच्या दिवसांत केवळ खोकल्याचे नव्हे, तर हृदयविकाराचे रुग्णही वाढतात. अशा कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण हवेच्या एका घनमीटरमध्ये १५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताची मर्यादा ६० आहे. वणव्याच्या धुरात या दोन्ही मर्यादा सहज ओलांडल्या जातात.

त्यात डोंगराची भर पडते. दोन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांश कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढा कमी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. चढ चढताना हेच प्रमाण पाच-सहा पट होते. धूरही तेवढ्या पटीने आत जातो. शिवाय रात्री थंड हवा दरीत बसते आणि धुरावर झाकण पडल्यासारखे होते. पहाटेची ‘ताजी हवा’ खायला निघालेल्या आजोबांना नेमका सर्वांत दाट धूर मिळू शकतो.

तेव्हा दमेकरी, हृदयरोगी, गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांनी अशा दिवसांत सहल पुढे ढकलणे हेच शहाणपण. पैसे बुडतील म्हणून जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात उडी घेण्यासारखे आहे. निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेची प्रत पाहावी. डोंगराळ भागात हवामापन केंद्रे तुरळक असल्याने हॉटेलला फोन करून साधा प्रश्न विचारावा: समोरचा डोंगर दिसतो का? रोज दिसणारा डोंगर दिसेनासा झाला असेल, तर उत्तर मिळाले.

तिथे पोचल्यावर धूर गाठलाच, तर चढणे-पळणे थांबवावे आणि खिडक्या लावून घ्याव्यात. खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल लावू नये. हॉटेलने हौसेने पेटवलेली शेकोटी तर नकोच. ओला रुमाल किंवा कापडी मास्क सूक्ष्म कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. गूळ खाऊन फुप्फुसे धुऊन निघत नाहीत. दम्याचा रोजचा पंप बंद करू नये आणि तातडीचा पंप मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड रक्तात मिसळला असेल, तरी तो आकडा चांगला दाखवतो. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गोंधळल्यासारखे होत असेल, तर १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे.

मात्र सारे ओझे पर्यटकावर टाकून चालणार नाही. दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर पैसे परत मिळण्याची निदान बोलणी होतात. रस्ता उघडा आणि हवा विषारी असली, तर ‘आम्ही तयार आहोत, तुम्हीच आला नाहीत’ असे ऐकावे लागते. दाट धूर हीसुद्धा नैसर्गिक आपत्ती मानून तारीख बदलण्याची मुभा करारातच असायला हवी. पावसाचा इशारा जसा जिल्हावार मिळतो, तसा धुराचाही मिळायला हवा. आगीचे ठिकाण उपग्रह टिपतात आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था ते वनखात्याला कळवते; तीच माहिती आरोग्य खात्यामार्फत सामान्य माणसापर्यंत पोचवणे अवघड नाही. आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपणाऱ्या वनमजुराला योग्य मास्क, आगरोधक कपडे आणि नियमित श्वसनतपासणी मिळणे ही तर किमान माणुसकी.

सह्याद्री आणि विदर्भातही फेब्रुवारीपासून वणवे लागतात, तेव्हा हा प्रश्न दूरच्या हिमालयाचा म्हणून सोडता येणार नाही. आपल्याकडे वणवा दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. पर्यटक आठवड्याने घरी परततो. पायथ्याच्या गावातली मुले, चुलीपुढच्या बाया आणि वनमजूर पाऊस पडेपर्यंत त्याच धुरात श्वास घेत राहतात. धोरण ठरवताना आधी त्यांची फुप्फुसे मोजली गेली पाहिजेत.